लाकडी गलबतांचे उद्धरण व पुनर्बांधणी : रायगड किनारा

लाकडी गलबतांचे उद्धरण व पुनर्बांधणी : वादळ, खडक, टक्कर किंवा गळती यांमुळे बुडालेली अथवा किनाऱ्यावर लागून फुटलेली लाकडी नौका वर काढणे, तिचे निकामी भाग बदलणे आणि ती पुन्हा समुद्रात जाण्यायोग्य करणे, या क्रियांचा समावेश या विषयात होतो. रायगड जिल्ह्याच्या (पूर्वीचा कुलाबा जिल्हा, १९८१ मध्ये नामांतर) किनाऱ्यावर या कामाची परंपरा जुनी आहे. तिचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवले पाहिजे. यूरोपमध्ये बुडालेली जुनी जहाजे वर काढून संग्रहालयात जपण्याकडे विसाव्या शतकात विशेष लक्ष दिले गेले. कोकणात मात्र बुडालेले गलबत वर काढले जाई ते पुन्हा वापरण्यासाठी. जे दुरुस्त होण्याजोगे नसे, त्याच्या फळ्या, वाक व लोखंडी खिळे दुसऱ्या नौकेच्या किंवा घराच्या उपयोगी पडत. त्यामुळे नौका वाचत गेल्या, पण जुनी अशी एकही नौका मागे राहिली नाही. खांदेरी, कुलाबा, पद्मदुर्ग व जंजिरा हे सागरी किल्ले आज उभे आहेत. ज्या गुराबा व गलबतांच्या बळावर ते लढविले गेले, त्यांपैकी एकही संग्रहालयात पाहावयास मिळत नाही. या विषयाच्या इतिहासाचे मर्म या विसंगतीत आहे.

किनारा व समुद्रस्थिती : रायगडचा किनारा उत्तरेस मुंबई बंदराच्या मुखाशी असलेल्या उरण–करंजा भागापासून दक्षिणेस सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटच्या खाडीपर्यंत पसरलेला आहे. धरमतर, रेवदंडा (कुंडलिका), राजपुरी आणि बाणकोट या खाड्या आत दूरवर शिरलेल्या असून त्यांच्या काठी चिखलाचे व वाळूचे विस्तीर्ण पट्टे आहेत. किनाऱ्यालगत पाण्याखाली खडकांच्या रांगा असून ओहोटीच्या वेळी त्यांतील काही उघड्या पडतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे जून ते सप्टेंबर या महिन्यांत, समुद्र खवळलेला असतो व शिडाच्या नौकांची वाहतूक पूर्वी या काळात बंदच राही.

नौका वर काढण्याच्या दृष्टीने या किनाऱ्याची सर्वांत महत्त्वाची देणगी म्हणजे भरती-ओहोटी. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास येणाऱ्या उधाणात भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांतील फरक मुंबई बंदराच्या परिसरात ४ मी.च्या आसपास, तर काही दिवशी त्याहून अधिक असतो. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी होतो. उधाणाच्या ओहोटीत उथळ पाण्यातील बुडालेली नौका काही तास उघडी पडते, तर पुढच्या भरतीचे पाणी तिला उचलण्यास मदत करते. यंत्रे नसलेल्या काळात हाच येथील सर्वांत मोठा उच्चालक होता. म्हणून या कामाचा दिवस ठरविताना तिथी पाहावीच लागे.

नौकांचे प्रकार व रचना : या किनाऱ्यावर होडी, पगार, मचवा, पडाव, गलबत, बतेला, फत्तेमारी इ. नौका प्रचारात होत्या. लढाऊ नौकांत गुराब ही मोठी, दोन वा तीन डोलकाठ्यांची व तोफा वाहणारी. तर गलबत लहान, हलके आणि शिडांबरोबर वल्ह्यांनीही चालणारे असे. शिबाड ही प्रामुख्याने मालवाहू नौका होय. पुढे ‘गलबत’ हा शब्द मराठीत कोणत्याही मध्यम आकाराच्या शिडाच्या नौकेस लावला जाऊ लागला.

नौकेच्या तळाशी असलेल्या मुख्य तुळईस पठाण म्हणतात. तिच्या पुढच्या टोकास वर चढत जाणारा भाग म्हणजे नाळ. पठाणीच्या दोन्ही बाजूंस वाक (बरगड्या) आणि त्यांवर फळ्या अशी सर्वसाधारण बांधणी असते. फळ्यांसाठी सागवान पसंत केले जाई. कारण त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात लवकर कुजत नाही आणि लोखंडालाही फारसे अपाय करीत नाही. वाकांसाठी बाभळीसारख्या झाडांच्या नैसर्गिक वळणाच्या फांद्या निवडीत. कारण मुळातच वाकलेल्या लाकडात तंतू तुटत नाहीत व जोर टिकतो. फळ्यांच्या कडांना एकमेकींत बसणाऱ्या खाचा पाडून मध्ये कापूस व राळ घालण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर होती व अठराव्या शतकातील यूरोपीय प्रवाशांनी तिची वाखाणणी केली आहे. अशी जोडणी घट्ट असली, तरी दुरुस्तीच्या वेळी एक फळी सुटी करताना शेजारच्या फळीची कड जपावी लागते. यामुळे जुनी नौका उलगडण्याचे काम नवी बांधण्याइतकेच कौशल्याचे ठरते.

भग्ननौकांवरील हक्क : बुडालेली किंवा फुटून किनाऱ्यास लागलेली नौका कोणाची, हा प्रश्न ती वर कशी काढावी या प्रश्नाइतकाच जुना आहे. भारताच्या अनेक किनारी भागांत अशी नौका व तिच्यावरील माल हा त्या किनाऱ्याच्या सत्ताधीशाचा, अशी रूढी होती. आंध्र प्रदेशातील मोटुपल्ली येथील काकतीय राजा गणपतिदेव याच्या तेराव्या शतकातील अभयशासनात पूर्वीचे राजे वादळाने फुटलेल्या जहाजांवरील माल जबरीने घेत असत, असे नमूद करून यापुढे ठरावीक शुल्कावाचून काहीही घेतले जाणार नाही, असे आश्वासन व्यापाऱ्यांना दिले आहे. मार्को पोलोनेही मलबार किनाऱ्यावरील एका राज्यासंबंधी लिहिताना, तेथे जाण्याचा हेतू नसता दैवयोगाने येऊन लागलेले जहाज जप्त केले जाई, असे सांगितले आहे.

कोकणातील या रूढीचा सर्वांत बोलका पुरावा रायगड किल्ल्यावरच मिळतो. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी, जून १६७४ मध्ये, मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सिंडेन रायगडावर आला होता. त्याने मांडलेल्या तहाच्या कलमांत, महाराजांच्या किनाऱ्यावर इंग्रजांची जहाजे फुटल्यास ती व त्यांवरील माल परत मिळावा, असे एक कलम होते. इंग्रजांच्या वृत्तांतानुसार या कलमास हरकत घेण्यात आली. वादळाने किनाऱ्यास लागलेली जहाजे परत करणे हे कोकणच्या कायद्याविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिल्यास फ्रेंच, डच व इतर व्यापारीही ती मागतील, असे कारण देण्यात आले. हा मुद्दा इंग्रजांना सहजासहजी मान्य करून घेता आला नाही. ‘कोकणचा कायदा’ असा स्पष्ट उल्लेख झाल्यामुळे या प्रसंगास विशेष महत्त्व आहे. फुटलेल्या नौकेचे लाकूड, नांगर, दोर व तोफा ही किनाऱ्यावरील सत्तेची मोलाची मिळकत होती, हे त्यावरून दिसते.

ब्रिटिश अमदानीत ही जुनी रूढी मागे पडून मूळ मालकाचा हक्क व नौका वाचविणाऱ्याचा मोबदला यांवर आधारलेले इंग्लंडमधील तत्त्व येथे रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमात भग्ननौका व तारणकार्य यांसंबंधी स्वतंत्र भाग घालण्यात आला. सापडलेल्या भग्ननौकेची वर्दी नेमलेल्या अधिकाऱ्यास देणे, मालकास ठरावीक मुदतीत हक्क सांगू देणे व वाचविणाऱ्यास वाजवी मोबदला मिळणे, ही त्यातील मुख्य सूत्रे होत. या अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२५ मध्ये नवा अधिनियम संमत केला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियमही लागू होतो.

मराठ्यांचे आरमार व नौकांची डागडुजी : शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यानंतर लवकरच त्या भागात लढाऊ नौका बांधण्यास प्रारंभ केला. या कामावर आरंभी रुई लैताव व्हियेगश या पोर्तुगीज कारागिराच्या हाताखाली बरीच माणसे होती. पोर्तुगीजांनी त्यांस फितवून काम सोडावयास लावले. त्यानंतरही आरमार वाढतच गेले, यावरून स्थानिक सुतारांनी हे काम पेलले असले पाहिजे, हे उघड आहे.

लहान, हलक्या व सहज दुरुस्त होणाऱ्या नौकांचे महत्त्व १६७९ च्या खांदेरीच्या संघर्षात दिसून आले. त्या वर्षी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधण्यास सुरुवात केली व इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. मराठ्यांची गलबते रात्रीच्या वेळी नागाव व थळ या बाजूंच्या उथळ पाण्यातून बेटावर माणसे व सामान पोहोचवीत; इंग्रजांच्या खोल बुडीच्या जहाजांना तेथे त्यांचा पाठलाग करता येत नसे. ऑक्टोबर १६७९ मधील लढाईत इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. अशा प्रकारे हाती आलेल्या शत्रूच्या नौका आपल्या आरमारात दाखल करण्याची चाल दोन्ही पक्षांत होती. अठराव्या शतकात तुळाजी आंग्रे यांनी घेतलेले ईस्ट इंडिया कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे जहाज त्यांच्या आरमारात होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा याच जहाजाला आग लागून ती इतर नौकांत पसरली आणि आंग्र्यांचे तेथील आरमार जळून खाक झाले.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रातील (सु. १७१५) आरमारविषयक प्रकरण नौकांच्या निगेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पावसाळ्यापूर्वी आरमाराची छावणी सुरक्षित बंदरात करावी, पण प्रतिवर्षी एकाच बंदरावर तिचा भार पडू देऊ नये, असा दंडक त्यात आहे. लाकडाविषयीचा त्यातील आदेश प्रसिद्ध आहे. आरमारासाठी सागादी लाकूड परवानगीने तोडावे. परंतु आंबा व फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली, तरी रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असल्यामुळे त्यांना हात लावू नये आणि एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असल्यास धन्यास राजी करून व मोबदला देऊन ते घ्यावे, असा त्याचा आशय आहे. हा आदेश बहुधा करुणेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे : नौकाबांधणीचे लाकूड त्या काळीही सहज मिळणारे नव्हते. लाकूड दुर्मिळ असल्यावर बुडालेल्या नौकेतील प्रत्येक धडधाकट फळीला किंमत येणारच.

कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांच्या काळात अलिबागजवळील कुलाबा हा किल्ला आरमाराचे प्रमुख ठाणे झाला. इंग्रज व पोर्तुगीज यांनी १७२१ मध्ये संयुक्तपणे त्यावर केलेली मोहीम फसली. कुलाब्याचे आंग्रे संस्थान १८४० मध्ये खालसा झाले आणि लढाऊ नौकांची परंपरा संपुष्टात आली. व्यापारी व मासेमारी नौका मात्र पुढेही त्याच पद्धतीने बांधल्या व दुरुस्त केल्या जात राहिल्या. बंदराच्या पलीकडच्या तीरावर, मुंबईत, १७५० च्या सुमारास पहिली कोरडी गोदी तयार झाली होती. मोठ्या जहाजांच्या तळाची दुरुस्ती तीत होऊ लागली. रायगड किनाऱ्यावरील लहान नौकांना मात्र वाळूचा उतार व उधाणाची भरती हीच गोदी पुरेशी होती.

नौका बुडते म्हणजे काय : लाकूड पाण्यापेक्षा हलके असते, वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला सु. ६५० किग्रॅ., तर समुद्राच्या पाण्याचे सु. १,०२५ किग्रॅ. भरते. त्यामुळे रिकामी लाकडी नौका पाण्याने भरली तरी बहुधा काठोकाठ तरंगत राहते. तिला तळाशी नेतो तो नीरम म्हणून भरलेला दगड, माल, लोखंडी नांगर आणि अलीकडच्या काळात इंजिन. एकदा ती तळाशी टेकली की लाटांबरोबर येणारी वाळू व गाळ आत साचतो. लाकूडही हळूहळू पाणी शोषून जड होते. पहिल्या काही दिवसांत जी नौका थोडक्या श्रमात निघाली असती, ती एका पावसाळ्यानंतर गाळात रुतून हाती लागेनाशी होते. म्हणून वादळ शमताच कामास लागणे, हा या व्यवसायातील पहिला नियम आहे.

दुसरा शत्रू म्हणजे लाकूड पोखरणारे समुद्री प्राणी. टेरेडो व मार्टेशिया हे शिंपल्यांच्या वर्गातील आणि स्फेरोमा हा कवचधारी वर्गातील प्राणी उष्ण समुद्रात झपाट्याने वाढतात. टेरेडो बाहेरून सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून आत शिरतो आणि लाकडाच्या आतच मोठा होतो; त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी फळी आतून मधाच्या पोळ्यासारखी झालेली असू शकते. चिखलात पूर्ण गाडलेल्या भागाला मात्र प्राणवायूच्या अभावी हे प्राणी पोहोचत नाहीत. पावसाळ्यात खाड्यांतील पाणी गोडे होते तेव्हाही त्यांचा जोर ओसरतो.

वर काढण्याची पद्धत : प्रथम बुड्या मारणाऱ्या खलाशांकडून नौकेची स्थिती पाहिली जाते : ती सरळ बसली आहे की कुशीवर, भोक कोठे आहे, पठाण शाबूत आहे की मोडली आहे. पठाण मोडली असल्यास नौका अखंड काढण्याचा प्रयत्न बहुधा सोडून दिला जातो. त्यानंतर भार कमी करणे हे मुख्य काम. जाळी, माल, नीरम, डोलकाठी व शक्य झाल्यास इंजिन वेगळे काढतात. पाण्यात लोखंडाचे वजन सु. एक अष्टमांशाने कमी भरते. म्हणजे एक टन वजनाचे इंजिनही पाण्याखाली सु. ८७० किग्रॅ. ओढ देत राहते.

पुढचा टप्पा भरतीचा. ओहोटीच्या वेळी बुडालेल्या नौकेच्या दोन्ही अंगांस दोन मोठ्या नौका आणतात, त्यांवर आडवे वासे टाकतात आणि पोटाखालून घेतलेले दोर त्या वाशांस घट्ट बांधतात. भरती चढू लागली की बाजूच्या नौका वर येतात व त्यांच्याबरोबर मधलीही उचलली जाते. ती तशीच किनाऱ्याकडे ओढीत नेऊन उथळ जागी टेकवितात. पुढच्या ओहोटीत दोर पुन्हा आखडून घेतले की पुढच्या भरतीला तीच क्रिया आणखी वरच्या जागी करता येते. चिखलाची पकड सुटणे हा यातील सर्वांत अवघड क्षण होय. तळाखालचा गाळ उकरून पाण्याला वाट करून दिल्याशिवाय ओढ लावल्यास दोर तुटतात किंवा फळ्या उचकटतात. उधाण चढत्या क्रमाने येत असताना काम सुरू करावे लागते. ते उतरणीस लागल्यावर केलेला प्रयत्न पुढील पंधरवड्यावर जातो.

पुढे या पद्धतीला रिकाम्या पिंपांची जोड मिळाली. २०० लिटरचे बंद पिंप पाण्याखाली आपले वजन वजा जाता सु. १८५ किग्रॅ. भार उचलू शकते. वर सांगितलेल्या इंजिनाच्या ओढीला पाच पिंपे पुरतात. तत्त्व जुनेच आहे, फक्त वासे व नौका यांऐवजी हवा काम करते. नौकेचा काठ ओहोटीत पाण्यावर आला की भोकावर कॅनव्हास व फळी ठोकून आतले पाणी बादल्यांनी वा पंपाने उपसतात आणि नंतर ओंडके, कप्पी व रहाट यांच्या साहाय्याने ती भरतीरेषेच्या वर ओढून घेतात.

पुनर्बांधणी : वर आलेली नौका तत्काळ उन्हात वाळू देत नाहीत. फार दिवस पाण्यात राहिलेले लाकूड एकदम सुकले तर आकसते, तडकते व फळ्या पिळवटतात. गोड्या पाण्याने गाळ व मीठ धुऊन काढून, झापांची सावली करून ती सावकाश सुकवितात. मग परीक्षा सुरू होते. सुतार हातोडीने फळी वाजवून पाहतो : निकोप लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. विशेष लक्ष खिळ्यांकडे दिले जाते. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते व त्या क्रियेत खिळ्याभोवतीचे लाकूडही मऊ होते. अशा फळीत त्याच भोकात नवा खिळा धरत नाही.

बदलावयाचे भाग ठरल्यावर नौकेला दोन्ही बाजूंनी टेके देऊन तिचा आकार जखडतात. एका वेळी सर्व फळ्या काढीत नाहीत. काही काढून, त्यांच्या जागी नव्या बसवून मगच पुढच्यांना हात घालतात. यामागचे कारण महत्त्वाचे आहे. या किनाऱ्यावरील नौका परंपरेने कागदावरील आराखड्यावाचून बांधल्या जात. प्रमाणे सुताराच्या नजरेत व हाताच्या मापात असत. तेव्हा जुन्या नौकेचे जे अंग शिल्लक आहे तेच नव्या अंगाचे माप होय. सगळी नौका एकदम उलगडली तर आकारच हरवतो. काढलेली जुनी फळी नव्या फळीवर ठेवून तिची रेषा आखली जाते.

फळ्या बसल्यावर फटींत कापूस किंवा काथ्या ठासून वर राळ व तेल यांचे मिश्रण भरतात. पाण्याखालच्या भागास चुना व तेल यांचा लेप, वरच्या भागास मुशीच्या यकृताचे तेल किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची चाल कोकणात होती. लेप दरवर्षी खरवडून नवा द्यावा लागे. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवण्याचा व नारळी पौर्णिमेच्या सुमारास डागडुजी आटोपून पाण्यात लोटण्याचा प्रघात याच निगेशी निगडित आहे. नव्या कापसाच्या फटी पाण्याने फुगून बंद होईपर्यंत दुरुस्त नौकेत थोडे पाणी येतच राहते. म्हणून पहिले दिवस ती किनाऱ्यालगत ठेवून उपसा करीत तिची परीक्षा घेतात.

अशा रीतीने दोन-तीन पिढ्या चाललेल्या गलबतात मूळचे लाकूड किती उरले, हे सांगणे कठीण होई. तरीही ते गलबत त्याच नावाने ओळखले जाई. लाकडाचे सातत्य तुटले, तरी आकाराचे व हाताच्या कसबाचे सातत्य टिकून राही.

जतनासाठी उद्धरण : उपयोगासाठी नव्हे, तर इतिहासाचे साधन म्हणून नौका वर काढण्याची कल्पना अलीकडची आहे. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेले ‘व्हासा’ हे स्वीडिश युद्धजहाज १९६१ मध्ये वर काढण्यात आले. त्याच्या पोटाखालून बोगदे खणून दोर घालण्यात आले आणि तरंगत्या तराफ्यांच्या साहाय्याने ते टप्प्याटप्प्याने उथळ पाण्यात आणले गेले. साधने निराळी असली, तरी पद्धत कोकणी खलाशांना ओळखू येईल अशीच होती. लाकूड सुकताना आकसू नये म्हणून त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या रसायनाचा फवारा सतरा वर्षे चालू होता. इंग्लंडमध्ये १५४५ मध्ये बुडालेले ‘मेरी रोझ’ हे जहाज १९८२ मध्ये वर काढण्यात आले व त्यावरील फवारणी २०१३ पर्यंत चालली. बाल्टिक समुद्राचे पाणी थंड व कमी खारे असून तेथे टेरेडोचा उपद्रव जवळजवळ नाही, म्हणून व्हासा अखंड राहिले. अरबी समुद्राच्या उष्ण पाण्यात अशी अपेक्षा धरता येत नाही. गोव्याजवळील सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांना पोर्तुगीजकालीन जहाजावरील तोफा, हस्तिदंत व चिनी मातीची भांडी सापडली. जहाजाचा सांगाडा मात्र टिकलेला नव्हता. याउलट केरळमधील कडक्करप्पळ्ळी येथे पाणथळ जमिनीच्या चिखलात गाडली गेलेली मध्ययुगीन नौका २००२-०३ मध्ये उत्खननात बऱ्याच अंशी शाबूत मिळाली. यावरून रायगडच्या खाड्यांतील गाळात शोध घेण्यास वाव आहे, हे उघड होते.

मुंबई बंदरात बांधलेल्या सागवानी जहाजांपैकी ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) हे वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली बांधलेले युद्धजहाज आजही तरंगत्या स्थितीत आहे. पण ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे. तेथे त्याची पुनर्बांधणी २००१ मध्ये पूर्ण झाली. सागवान दोनशे वर्षे टिकते, याचा तो पुरावा होय. भारतीय नौदलात मे २०२५ मध्ये कारवार येथे दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही शिवलेल्या फळ्यांची नौका अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील जहाजावरून गोव्यात बांधण्यात आली. प्रत्यक्ष नमुना उपलब्ध नसल्यामुळे एका चित्रावरून संपूर्ण नौका कल्पावी लागली, ही गोष्ट जतन न झाल्याची किंमत दाखविते.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिकीकरणामुळे नौकांचा मागचा भाग इंजिन व पंखा यांसाठी बदलला गेला आणि शीड दुय्यम झाले. त्यानंतर सागवानाची टंचाई व वाढत्या किमती यांमुळे काचतंतूच्या नौका पसरल्या. या नौका हलक्या असतात व त्यांना किडीचा उपद्रव होत नाही. मात्र त्या साच्यातून निघत असल्यामुळे त्यांना फळी बदलणाऱ्या सुताराची गरज उरत नाही. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ आणि ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन–मुरुड परिसरात धडकलेले ‘निसर्ग’ या चक्रीवादळांनी कोकण किनाऱ्यावर नौकांची हानी केली. अशा प्रसंगी लाकडी नौकेच्या मालकापुढे ती दुरुस्त करावी की मोडीत काढून नवी काचतंतूची घ्यावी, असा प्रश्न उभा राहतो. लाकडाचा भाव व सुताराची उपलब्धता पाहता त्याचे उत्तर उत्तरोत्तर दुसऱ्या बाजूस झुकत आहे.

खांदेरीसह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा २०२५ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दगडी वारशाला मिळालेली ही मान्यता लाकडी वारशाच्या अभावाकडेही लक्ष वेधते. रायगड किनाऱ्यावर मोडकळीस आलेले जुने मचवे व पडाव उलगडण्यापूर्वी त्यांची मापे घेणे, आराखडे व छायाचित्रे तयार करणे, वयोवृद्ध सुतारांकडून भागांची नावे व बांधणीचा क्रम नोंदवून घेणे, ही कामे अल्प खर्चात होण्यासारखी आहेत. आजवर सुताराच्या हातातील कसबाने बुडालेल्या नौका वर काढल्या. ते कसबच विस्मृतीत बुडाल्यास ते वर काढण्यासाठी कोणतीही भरती उपयोगी पडणार नाही.